शेजाऱ्याच्या दारी विद्यार्थी : आचार्य धर्मानंद कोसंबी

दरवर्षी जून महिन्यात नववीच्या वर्गात आम्ही दक्षिण आशियाचा नकाशा भिंतीवर टांगतो आणि सीमेपलीकडील देशांची नावे मुलांना विचारतो. नावे बहुतेकांना येतात, राजधान्याही येतात. परंतु त्या देशांतील माणसे कोणती भाषा बोलतात, त्यांची लिपी कशी दिसते, ती आपल्याविषयी काय जाणतात, असे विचारले की वर्ग शांत होतो. क्रिकेटच्या मैदानावरील प्रतिस्पर्धी आणि सीमेवरील तणावाच्या बातम्या यांपलीकडे शेजारी आमच्या मुलांच्या परिचयाचा नसतो. अशाच एका तासाला एका मुलीने केलेला प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. भगवान बुद्धांनी उपदेश जर आपल्या भूमीत केला, तर त्यांचे ग्रंथ शेजारच्या देशांतून परत का आणावे लागले, असे तिने विचारले होते. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले, ते पुरेसे नव्हते. या स्मरणिकेच्या निमित्ताने एका मराठी माणसाच्या चरित्रातून ते अधिक नीट देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. सम्राट अशोकाच्या काळात महेंद्र आणि संघमित्रा यांनी धम्म सिंहलद्वीपी नेला. तेथील भिक्षूंनी तिपिटक पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभय याच्या काळी, मातलेजवळील आलोकविहारात ते ताडपत्रांवर लिहून काढले. ब्रह्मदेशानेही हे धन जतन केले. तेथील मिंडोन राजाने मंडालेस संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले, तेही एकोणिसाव्या शतकात. इकडे भारतात बाराव्या-तेराव्या शतकांपर्यंत महाविहार उद्ध्वस्त झाले, संघ विखुरला आणि पाली भाषेचे अध्यापन जवळजवळ संपले. ज्या ठेवीचे आपण मूळ धनी होतो, ती शेजाऱ्याने दीड-दोन हजार वर्षे सांभाळली. ती मागावयास जे भारतीय शेजाऱ्याच्या दारी गेले, त्यांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे स्थान फार वरचे आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुणेदेखील दुसऱ्या राजवटीतील शहर होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. प्रकृती अशक्त, शाळा तुटपुंजी, घरची जबाबदारी नारळीच्या बागेची. रीतसर शिक्षण असे त्यांच्या वाट्याला फारसे आलेच नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात त्यांचा विवाह झाला. पुढे आयुष्यभर जो विद्यापीठांतून शिकवीत राहिला, त्याच्यापाशी शालेय परीक्षेचे एकही प्रमाणपत्र नव्हते.

वाचनाची ओढ मात्र तीव्र होती. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना धीर दिला. विशीच्या सुमारास लहान मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकाचा अंक त्यांच्या हाती पडला. त्यात बुद्धांचे छोटेसे चरित्र होते. तो लेख कोणा पंडिताने पंडितांसाठी लिहिलेला नव्हता. परंतु त्या चार पानांनी या तरुणाच्या आयुष्याची दिशा ठरविली. आपण मुलांच्या हाती काय वाचावयास देतो, याचा विचार करताना आम्हांस ही घटना वारंवार आठवते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते गेले आणि जवळजवळ सात वर्षे परतले नाहीत. थोरांच्या चरित्रांत गृहत्याग हा एका ओळीत सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. धर्मानंदांच्या विद्येची किंमत एका तरुण स्त्रीने एकटीने मोजली, हे नोंदविल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही. धर्मानंदांनी स्वतःही आपल्या आत्मचरित्रात, 'निवेदन' या ग्रंथात, स्वतःचे दोष झाकून ठेवले नाहीत.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. परंतु संस्कृतचे सखोल अध्ययन करावयाचे तर काशीस जाणे भाग होते. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या घरी जाऊन व्याकरण घोकावे, असा क्रम सुरू झाला. थंडी, उपासमार, साथीचे रोग यांतून ते टिकले. तथापि संस्कृत हे त्यांचे साध्य नव्हते. बुद्धांचा धम्म समजून घेणे हे साध्य होते, आणि काशीच्या विद्यापीठांत तो शिकविणारा कोणी नव्हता.

म्हणून १९०२ च्या आरंभी ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर नेपाळला निघाले. बुद्धांचे जन्मस्थान ज्या देशात आहे, तेथे धम्म जिवंत असेल, ही त्यांची भाबडी अपेक्षा होती. काठमांडूस पोहोचल्यावर ती मोडून पडली. स्तूप उभे होते, परंतु ज्या बुद्धवचनाच्या शोधात ते आले होते, त्याचे अध्यापन कोठे आढळेना. जातिभेद आणि कर्मकांड मात्र सर्वत्र दिसले. ते निराश होऊन परतले. या ठिकाणी आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. शेजारी आपल्या मनातील चित्राप्रमाणे निघाला नाही, म्हणून धर्मानंदांनी शोध सोडला नाही. चुकले होते ते त्यांचे अनुमान. त्यांनी ते सुधारले आणि पुढची वाट विचारली.

ती वाट बोधगयेस समजली. पाली ग्रंथ शिकावयाचे तर सिंहलद्वीपास जावे, असा सल्ला तेथे मिळाला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत घेऊन ते कोलंबोस पोहोचले आणि माळिगाकंद येथील विद्योदय परिवेणात दाखल झाले. हे विद्यालय १८७३ मध्ये महास्थविर हिक्कडुवे श्रीसुमंगल यांनी स्थापिले होते. त्यांच्याच हस्ते धर्मानंद श्रामणेर झाले.

आता या विद्यार्थ्याची स्थिती पाहावी. वय पंचवीस-सव्वीस. सिंहली भाषेचे ज्ञान शून्य. पाली ग्रंथ सिंहली लिपीत. म्हणजे प्रथम मुळाक्षरांपासून आरंभ. काशीत कष्टाने कमावलेले संस्कृत व्याकरण येथे साहाय्यक होते, पण प्रतिष्ठा देणारे नव्हते. लहान लहान श्रामणेरांच्या पंक्तीत बसून त्यांनी अक्षरे गिरविली. अन्न वेगळे, ते प्रकृतीस मानवेना. ज्या जातीत सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार बालपणी झाले, त्या जातीची ओळख चीवर धारण करताच मागे राहिली. भिक्षापात्रात जे पडेल ते स्वीकारावयाचे, देणाऱ्याचे कूळ विचारावयाचे नाही, हा भिक्षूचा नियम आहे. भारतात ज्या गोष्टीसाठी माणसे एकमेकांना गावाबाहेर ठेवीत होती, तिचा शेजारच्या देशातील विहारात असा रोजचा निरोप घेतला जात होता. अर्थात सिंहलद्वीप निर्दोष होता, असे समजू नये. तेथील एका मोठ्या निकायात एका विशिष्ट जातीखेरीज इतरांस उपसंपदा मिळत नसे, ही वस्तुस्थिती आहे. शेजाऱ्याकडून विद्या घ्यावी. त्याचे दोष मात्र विद्येबरोबर घरी आणू नयेत.

१९०३ मध्ये ते मद्रासला आले. तेथे प्रा. पी. लक्ष्मी नरसू आणि सिंगारवेलू यांच्या बौद्ध मंडळींशी त्यांचा संबंध आला. याच नरसूंचा बौद्ध धम्माच्या सारतत्त्वावरील इंग्रजी ग्रंथ पुढे १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःची प्रस्तावना लिहून पुनःप्रकाशित केला, हे अनेकांस ठाऊक नसते. मद्रासहून धर्मानंद ब्रह्मदेशास गेले. तेथे पुन्हा नवी लिपी, नवी भाषा, नवे उच्चार. सिंहली लिपीत शिकलेले पाली आता बर्मी अक्षरांत वाचावे लागले. ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली आणि उत्तरेकडील सगाईंच्या डोंगरात ध्यानाभ्यास केला. तेथे त्यांच्या सोबतीस ञाणतिलोक नावाचे जर्मन भिक्षू होते. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, आणि दोघेही बर्मी गुरूंच्या देशात विद्यार्थी. ब्रह्मदेश त्या काळी इंग्रजांच्या हिंदी साम्राज्यातच मोडत होता, परंतु राज्यकर्ता एक असल्याने माणसे एकमेकांस ओळखू लागतात असे नाही. ओळख स्वतः जाऊन, शिकून करून घ्यावी लागते.

या भ्रमंतीत त्यांनी कुशीनारेसही वास्तव्य केले. तथागतांच्या महापरिनिर्वाणाचे हे स्थान तेव्हा ओस पडलेले होते आणि ब्रह्मदेशातून आलेल्या भिक्षूंच्या प्रयत्नांनी तेथे पुन्हा हालचाल सुरू झाली होती. पुढे याच कुशीनारेचे भदंत चंद्रमणी महास्थविर, जे मूळचे आराकानचे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आले आणि त्यांच्याकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्या दीक्षाभूमीवर शेजारच्या देशाचा हात असा प्रत्यक्ष आहे.

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्यास परतले. बंगालमधील स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकविण्याचे काम त्यांनी स्वीकारले, त्यासाठी चीवर उतरविले आणि कुटुंबाशी तुटलेला संबंध पुन्हा जोडला. पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. तेथे स्थैर्य होते, मान होता. परंतु आपण शिकलो ते मराठी माणसांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. धर्मानंदांनी विद्यापीठाची नोकरी सोडली आणि हे ५० रुपये पत्करले. बडोद्यास दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत बुद्धविचाराची पहिली ओळख या लहानशा पुस्तकाने करून दिली आहे.

त्याच वर्षी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी विद्वानाच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. सिंहली आणि बर्मी अशा दोन्ही परंपरांतील हस्तलिखिते वाचू शकेल, असा माणूस हवा होता. शेजाऱ्यांच्या लिप्या शिकण्यात घालविलेली वर्षे या वेळी फळास आली. या कामासाठी १९१० ते १९३२ या काळात ते चार वेळा अमेरिकेस गेले. संपादनाच्या श्रेयावरून तेथील प्राध्यापकांशी त्यांचा मतभेद झाला तेव्हा ते स्वाभिमानाने परतले. सत्याशी तडजोड त्यांनी केली नाही. ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, हार्वर्डकडून प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती काढली होती. विसुद्धिमग्गाची कथाही मोठी बोधक आहे. बुद्धघोष भारतातून सिंहलद्वीपी गेले, अनुराधपूरच्या महाविहारात शिकले आणि तेथे त्यांनी हा ग्रंथ रचिला. पंधराशे वर्षांनी दुसरा भारतीय त्याच वाटेने जाऊन तो ग्रंथ देवनागरीत घेऊन आला.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने त्यांनी खटपट केली होती. ती सफल झाली नसती तर विद्यार्थी मिळाले नसते. आणि विद्यार्थी कसे मिळाले! पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत. राजवाड्यांनी दीघनिकाय मराठीत आणला, भागवतांनी पाली ग्रंथांच्या देवनागरी आवृत्त्या सिद्ध केल्या, आणि बापटांनी चिनी भाषा शिकून पाली परंपरेची चिनी परंपरेशी तुलना केली. गुरूने दोन शेजाऱ्यांच्या लिप्या शिकल्या होत्या. शिष्याने तिसऱ्याची भाषा शिकली. शिक्षणाची परंपरा म्हणतात ती हीच.

पुढील आयुष्यही एका जागी स्थिरावले नाही. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काही वर्षे अध्यापन व लेखन केले. १९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियातील लेनिनग्राडला पाली शिकविण्यास गेले. मिठाच्या सत्याग्रहाची हाक ऐकून ते मायदेशी परतले, कोकणात शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगवास भोगला. नंतर मुंबईत परळच्या कामगारवस्तीत, बिर्लांच्या आर्थिक साहाय्याने, 'बहुजनविहार' उभा राहिला. ज्यांना मंदिरांची दारे बंद होती, त्या श्रमिकांत राहून धम्म सांगावा, ही त्यामागील धर्मानंदांची दृष्टी होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. धर्मानंद गांधीजींचे सहकारी होते. आम्ही बाबासाहेबांच्या विचाराचे अनुयायी आहोत, आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावर तिसाव्या दशकात हे दोन मार्ग किती दूर गेले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. धर्मानंदांचा राजकीय मार्ग आमचा नाही. परंतु ज्याच्याकडून विद्या मिळाली, त्याचे ऋण मान्य करण्यास मार्ग एकच असावा लागत नाही. धर्मानंदांनी 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ मधील ग्रंथात चमत्कारांची पुटे बाजूला सारून पाली आधारांवर बुद्धांचे मानवी चरित्र मांडले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांनी नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या संघर्षाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांचा कलह हेच सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण म्हणून येते. दोघांची प्रयोजने निराळी होती; पण पाली ग्रंथांतून सत्य शोधण्याची रीत एकच होती.

शेवटच्या काळात धर्मानंदांची प्रकृती खालावली. सेवाग्राम येथे अन्नत्यागानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची इच्छा ध्यानी घेऊन, पालीच्या अभ्यासासाठी काही अभ्यासकांना सिंहलद्वीपी पाठविण्याचे त्यांच्या पश्चात ठरले. त्यांच्या नावे पुतळा वा मंदिर उभे करण्यापेक्षा हे स्मारक त्यांस शोभणारे होते.

आता पुन्हा आमच्या वर्गातील नकाशाकडे वळू. धर्मानंद ज्या तीन देशांत विद्यार्थी म्हणून गेले, ते नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश. अर्ध्या शतकानंतर बाबासाहेब ज्या देशांत बौद्ध परिषदांसाठी गेले, तेही हेच तीन. १९५० मध्ये कँडी, १९५४ मध्ये रंगून आणि १९५६ च्या नोव्हेंबरात, महापरिनिर्वाणापूर्वी जेमतेम दोन आठवडे, काठमांडू. प्रकृती ढासळलेली असतानाही ते गेले, कारण धम्म स्वीकारणाऱ्या समाजाला शेजाऱ्यांच्या अनुभवाकडे पाठ फिरविता येणार नाही, हे ते जाणत होते. तेथे त्यांनी केवळ वंदन केले नाही. बौद्ध देशांत धम्म प्रत्यक्ष जीवनात किती उतरला आहे, हेही त्यांनी डोळसपणे पाहिले.

हीच डोळस दृष्टी आमच्या विद्यार्थ्यांच्या ठायी यावी, अशी आमची धडपड आहे. श्रीलंकेत तमिळ जनतेने सोसलेले यादवी युद्ध आणि म्यानमारमधून २०१७ मध्ये देशोधडीला लागलेले रोहिंग्या यांविषयी आम्ही वर्गात बोलतो. अन्याय करणारा पंचशीलाचे नाव घेतो, एवढ्यावरून तो अन्याय राहत नाही असे नाही. ज्यांच्या आजोबांनी महाडच्या तळ्याचे पाणी मिळविण्यासाठी मार खाल्ला, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

मग करावयाचे काय? धर्मानंदांच्या आयुष्यातून आम्ही तीन साधी कामे घेतली आहेत. पहिले लिपीचे. देवनागरी, सिंहली आणि बर्मी या तिन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी आहेत. फळ्यावर एकच अक्षर तिन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहिले की मुलांचे डोळे विस्फारतात. दुसरे उच्चाराचे. आपण सकाळी जी वंदना म्हणतो, तीच बर्मी बालक म्हणतो, परंतु त्याच्या तोंडी सकाराचा उच्चार थकारासारखा होतो. ते ऐकून हसणाऱ्या मुलास आम्ही विचारतो की, त्याच्या कानांना आपला उच्चार कसा वाटत असेल? तिसरे प्रश्नाचे. कोणत्याही देशाची माहिती पाठ करण्याआधी त्या देशातील समवयस्क मुलास विचारावयाचे पाच प्रश्न प्रत्येकाने वहीत लिहावेत. प्रश्न विचारता येणे ही विद्यार्थी असल्याची खूण आहे.

त्या मुलीला आज आम्ही असे उत्तर देऊ. बाळ, आपली ठेव आपल्याला सांभाळता आली नाही, शेजाऱ्याने ती सांभाळली. ती परत आणावयास गेलेला माणूस तेथे मालक म्हणून गेला नाही. अक्षरे गिरविणारा विद्यार्थी म्हणून गेला, म्हणून त्याला ती मिळाली. उद्या तू कोलंबोस, काठमांडूस किंवा यांगूनला जाशील तेव्हा तुझ्या सामानात एक कोरी वही असू दे.